"तुझा तो घाणेरडा फोटो हाय का अजून?"

रंकाळ्याचा_वारा (धागाकर्ता)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका किराणा मालाच्या दुकानदारांचा फोन आला. आवाज बसलेला. "पोरा, तुझा तो घाणेरडा फोटो हाय का अजून?"

मला लगेच कळलं कुठला ते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दुकानाचे फोटो काढायला गेलो होतो. नकाशावर दुकान दिसावं आणि फोनवर ऑर्डर याव्यात म्हणून मुलानं मला बोलावलं होतं. मी पोचलो तर काका म्हणाले, "थांब जरा, आवरतो की. हे असलं फोटूत दिसलं तर गिऱ्हाईक यायचं बंद हुईल." मग सुरू झालं. दारातली पोती आत, तेलाचे डबे माडीवर, सुतळीचा गुंडा काउंटरखाली, कॅलेंडर सरळ. तासभर मला काहीच काम नव्हतं. सवयीनं मी कॅमेरा काढला, स्टुलावर उभा राहिलो आणि दुकान जसं होतं तसं एकदा टिपून घेतलं. डावीकडून उजवीकडे सात फोटो. काकांनी बघितलं आणि हसले, "असला घाणेरडा फोटो कुणाला दावू नको बाबा."

विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा दुकानात चिखल सोडून काही नव्हतं. माल किती होता, फ्रीज कुठला होता, रॅक लाकडी की लोखंडी, सगळं तोंडी. आवरल्यानंतरचे सुंदर फोटो काकांकडे होते, पण त्यात अर्धा माल माडीवर गेलेला! घाणेरड्या फोटोत मात्र छताला टेकलेली पोती मोजता येत होती आणि वजनकाट्याच्या कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं. नुसत्या फोटोवर क्लेम मिळत नाही, बिलं लागतातच. पण बिलांना जोडायला तो फोटो चालला. पैसे पूर्ण मिळाले नाहीत, जे मिळाले ते मात्र वेळेत मिळाले.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कुठल्याही दुकानात गेलो की आवरायला सुरुवात होण्याआधी दहा मिनिटं मागून घ्यायची. बिलात ती धरायची नाहीत.

धागा काढायचं कारण असं की माझ्यासारखं काम करणारे इथं आणखी काही जण आहेत असं दिसतं, आणि या कामाबद्दल कुणी लिहीत नाही. लग्नाच्या फोटोग्राफीवर चिक्कार लिहिलं जातं, पक्ष्यांच्या त्याहून जास्त. पण गावातली दुकानं, बेकऱ्या, गिरण्या, वर्कशॉप, हॉटेलं यांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस दिवसभर काय करतो?

तर माझा दिवस. सकाळी सहाला बाहेरचे फोटो. गल्लीत गाड्या लागायच्या आत दुकानाचा दर्शनी भाग घ्यायचा असतो. महाद्वार रोडला किंवा जोतिबा रोडला साडेनऊनंतर दुकानाचा बोर्ड सोडून बाकी सगळं दिसतं. आमच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळे अख्खं दुकान एका फोटोत बसवायला रुंद लेन्स लावावी लागते. कॅमेरा जरा वर केला की भिंती वर जाऊन एकमेकींना भेटायला निघतात. त्यावर उपाय एकच. कॅमेरा एकदम सपाट ठेवायचा आणि दुकानाच्या निम्म्या उंचीवर न्यायचा. म्हणून माझ्या गाडीला कायम एक स्टूल बांधलेलं असतं. समोरच्या माडीवर चढायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

दहा ते एक आतले फोटो. इथं खरा शत्रू म्हणजे उजेड. दारातून येणारं ऊन निळसर, आत एक जुनी पिवळी ट्यूब, दोन नवीन पांढरे एलईडी आणि देवाजवळ लाल बल्ब. डोळा हे सगळं मेंदूत सारखं करून घेतो, कॅमेरा घेत नाही. पहिली दोन वर्षं माझ्या फोटोंतले तांदूळ हिरवट आणि मालक कावीळ झाल्यासारखे दिसायचे. आता मी सरळ आतले दिवे बंद करायला सांगतो, दार सताड उघडतो, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून दोन-दोन सेकंदांचे फोटो घेतो. दिवे ठेवावेच लागले तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्याहून वेगानं फोटो घेतला की फोटोवर काळे पट्टे येतात.

दुपारी जेवणाच्या वेळी हॉटेलं. मिसळीचा फोटो दोन मिनिटांत काढला नाही तर कटावरची तर्री थिजायला लागते आणि फरसाण पाणी पितं. म्हणून आधी रिकामी ताटली ठेवून सगळं जुळवायचं आणि शेवटी खरी मिसळ मागवायची. (नंतर ती खावी लागते. वजन वाढण्याचं हे माझं अधिकृत कारण आहे.) पांढरा रस्सा मात्र कधीच नीट येत नाही. पांढऱ्या वाटीत पांढरा रस्सा म्हणजे धुक्यात हरवलेली म्हैस. मी आता काळसर मातीची वाटी घरून नेतो.

संध्याकाळी उद्यमनगरातले कारखाने. फाउंड्रीत ओतकाम बघायचं असेल तर अंधार पडायला लागल्यावर. वितळलेलं लोखंड तेराशे-चौदाशे अंशांवर असतं, कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्या उजेडानं वेडा होतो आणि बाकी सगळं काळं करून टाकतो. मीटर बंद करून अंदाजानं काढावं लागतं. लेन्सपेक्षा चपला महत्त्वाच्या. सुती कपडे, बंद बूट, आणि ओतणाऱ्यानं "सरका" म्हटलं की सरकायचं.

रात्री फाइली. प्रत्येक फोटोत गल्ली, दुकान, तारीख आणि मालकाच्या तोंडची एखादी ओळ लिहून ठेवतो. हे काम मला अजिबात आवडत नाही, पण रोज करतो.

आणि आता पश्चात्ताप. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. मी त्या नाट्यगृहात बारा वर्षांत शंभरेक कार्यक्रमांचे फोटो काढलेत. त्या आठवड्यात सगळ्या हार्ड डिस्क उपसल्या. नट दिसतात, पुष्पगुच्छ दिसतात, दीपप्रज्वलन तर चाळीस वेळा. छत स्पष्ट दिसेल असे फोटो निघाले तीन. तेही चुकून, कारण लाइट तपासत होतो.

किराणा दुकानाचा पसारा मी टिपला आणि शंभर वर्षांचं नाट्यगृह टिपायचं राहिलं. तुमच्याकडे काय अनुभव?

---

कांदेपोहे_प्लीज

पहिला फोटू माझा! छान लिहिलंय. धुक्यात हरवलेली म्हैस वाचून ऑफिसात हसले, बॉस बघतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

दगडविटा

वाचनखूण साठवली. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, पुण्यात. केशवराव भोसलेच्या कामाशी माझा संबंध नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. पण तुमचे ते "चुकून काढलेले तीन" कमी लेखू नका.

आम्हाला फोटोत काय लागतं ते सांगते. एक, कॅमेरा सरळ. तुम्ही स्टुलाचं लिहिलंय ते आमच्यासाठी लाखमोलाचं आहे, कारण सरळ फोटोवरून प्रमाण काढता येतं. दोन, फोटोत माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू. एखादी वीट, फरशी, अगदी प्लास्टिकची खुर्चीही चालते. तिच्यावरून दाराची उंची बऱ्यापैकी काढता येते. तीन, कोपरे. भिंत छताला कशी मिळते, जिन्याचा कठडा खाली कुठे संपतो. कुणीच कोपऱ्यांचे फोटो काढत नाही, सगळे मधोमध उभे राहतात.

मागे एका वाड्याच्या कामात आम्हाला जिन्याच्या कठड्याची नक्षी सापडली ती एका मुंजीच्या फोटोत. बटूच्या मागे, एका आजीच्या खांद्यावरून थोडीशी दिसत होती. त्या खांद्याएवढ्या तुकड्यावरून सुताराने पुढचा सगळा कठडा उभा केला.

---

चहाबाज

माफ करा, पण थोडा विरोधी सूर लावतो.

माझं स्वतःचं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात, हार्डवेअरचं. तुम्ही फोटोवाले आलात की आमच्या पसाऱ्याला "कॅरेक्टर" म्हणता. जुना बोर्ड बदलला की "अरेरे". अहो, तो बोर्ड मी बदलला कारण त्यावरचा फोन नंबर सहा आकडी होता! फरशी बदलली कारण म्हातारं गिऱ्हाईक घसरलं. आमच्या अडचणी तुमच्या इन्स्टावर शोभून दिसतात. गेल्या वर्षी एक तरुण आला, न विचारता आमच्या कामगाराचा तारेचं भेंडोळं उचलतानाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं "हरवत चाललेले हात". तो माणूस तेवीस वर्षांचा आहे. हरवला वगैरे नाहीये, आत्ता चहा आणायला गेलाय.

विम्याचं पटलं. बाकीचं नाही.

---

शाहूपुरीकर

चहाबाज, हसून हसून पुरेवाट. पण दुसरी बाजू सांगतो.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता शाहूपुरीत. पासपोर्ट, लग्नं, आणि आसपासच्या दुकानांची उद्घाटनं. १९७४ पासूनच्या निगेटिव्ह कपाटात. २०१९ च्या पाण्यात खालचे तीन खण गेले. आणि आम्ही मूर्खासारखं काय केलं? पाणी उतरल्यावर सगळे गठ्ठे गच्चीवर उन्हात वाळत घातले. दोन दिवसांत त्यांच्या विटा झाल्या. एकावर एक चिकटून कडक. आजही त्या विटा माझ्याकडे आहेत, टाकवत नाहीत.

नंतर कळलं की करायचं होतं बरोबर उलटं. भिजलेल्या निगेटिव्ह आणि फोटो वाळू द्यायचेच नसतात. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, पाण्यातच एकेक सुटे करायचे, मग दोरीवर चिमट्यानं कडेला धरून सावलीत टांगायचे. हे सगळं दोन दिवसांच्या आत. तेवढ्यात जमत नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, मग सवडीनं. पुन्हा पाणी आलं तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ४३ फुटांच्या पुढं गेली म्हणजे धोका. आता आमच्या घरात ३९ ला, म्हणजे इशाऱ्याच्या पातळीलाच, निगेटिव्ह माडीवर जातात. आई त्याआधी पापड-लोणचं पाठवते, तो वेगळा विषय.

---

रंकाळ्याचा_वारा

@शाहूपुरीकर, त्या विटा टाकू नकाच. कधीतरी कुणीतरी सोडवेल.

@चहाबाज, तुमचं बोलणं लागलं आणि बरंही वाटलं. "हरवत चाललेले हात" छाप ओळी मीही सुरुवातीला लिहिल्यात, खोटं कशाला बोलू. आता लिहीत नाही. पण एक फरक सांगतो. आवरण्याआधीचे ते फोटो मी कुठेही टाकत नाही. ते मालकाला पेनड्राइव्हवर देतो आणि एक प्रत माझ्याकडे ठेवतो. नव्या बोर्डाचा फोटोही तितक्याच हौसेनं काढतो. सहा आकडी नंबरचा बोर्ड उतरवण्याआधी एक फोटो असला तर तुमचं काय बिघडलं असतं?

कोल्हापुरात बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांची मोठी परंपरा. पुढं कलामहर्षी म्हणून ओळखले गेलेले बाबूराव पेंटरही इथलेच. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढला. जुन्या बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली पेंटरची बारीक सही असते. फ्लेक्सवर सही नसते. मी बोर्डाचा फोटो काढला की सहीचा वेगळा एक काढतो. कलेचं वगैरे राहू दे, पण कुणी कुठली अक्षरं काढली एवढं तरी कळतं.

---

कलम_कसाई

वकील आहे, म्हणून धाग्यात पाणी ओतायला आलो.

धागाकर्ते, तुम्ही "एक प्रत माझ्याकडे ठेवतो" म्हणता ते ठीक, पण त्या फोटोंचा मालक कोण हे तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेक फोटोग्राफरांना वाटतं, ज्यानं बटण दाबलं त्याचा हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, हे बरोबर. पण त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक मेख आहे. कुणी पैसे देऊन, त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. तुम्ही नाही.

म्हणजे आवरलेल्या दुकानाचे सुंदर फोटो काकांचे. न सांगता, न पैसे घेता काढलेले ते "घाणेरडे" सात कुणाचे, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतील (आणि दोघांनाही फी मिळेल). त्यापेक्षा बिलाच्या खाली दोन ओळी लिहा: हक्क कुणाकडे, तुम्ही ते कुठे वापरू शकता. सही घ्या. संपलं.

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट आड येत नाही, कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. मात्र मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलनं २०१७ मध्ये इमारतीच्या रूपाचाच ट्रेडमार्क नोंदवून घेतला. तेव्हा ताजसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायला हरकत नाही, पण ताजचं चित्र छापलेले चहाचे मग विकायला काढायच्या आधी विचार करा.

---

रंकाळ्याचा_वारा

@कलम_कसाई, बारा वर्षं हे काम करतोय आणि हे आज कळलं. माझ्या संकेतस्थळावर ज्यांचे फोटो टाकलेत त्या सगळ्यांना उद्यापासून फोन. बहुतेक जण म्हणतील "वापर की भावा, विचारतोस काय". पण विचारतो.

---

गुजरीतला

गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, नमस्कार. आमच्याकडे फोटोवाला आला की उलटा त्रास. त्याला दुकान दाखवायचं असतं, आम्हाला दुकान लपवायचं असतं. तिजोरी कुठे, मागचं दार कुठे, कॅमेरे कुठे हे सगळं फोटोत येऊन चालत नाही. तेव्हा पसाऱ्याचा फोटो काढा, पण दागिन्यांच्या दुकानात तो पेनड्राइव्हवरही ठेवू नका, अशी विनंती.

एक प्रश्न. कोल्हापुरी साजाचा फोटो काढताना सोन्यावर कॅमेरा आणि काढणाऱ्याचं पोट दोन्ही दिसतं. कुणीतरी पोलरायझर फिल्टर घ्यायला सांगितला. घेतला. काचेवरचं प्रतिबिंब गेलं, सोन्यावरचं जसंच्या तसं! फसवलं का मला?

---

रंकाळ्याचा_वारा

@गुजरीतला, फसवलं नाही, अर्धंच सांगितलं. पोलरायझर काच, पाणी, वार्निश, पानं यांच्यावरची चमक काढतो. धातूच्या उघड्या पृष्ठभागावर त्याचं काही चालत नाही. काचेवरही अगदी समोर उभं राहिलात तर उपयोग नाही. तिरकं उभं राहायचं, काचेपासून साधारण ३५ अंशांवर, तिथं जादू होते.

सोन्याचा उपाय फिल्टरमध्ये नाही, सोन्याला काय दिसतं यात आहे. धातू म्हणजे आरसा. त्याला पांढरं दाखवलं तर तो पांढरं दाखवेल, काळं दाखवलं तर काळं. साज ठेवायचा, भोवती पांढऱ्या ट्रेसिंग पेपरचा तंबू करायचा, दिवा बाहेरून. कॅमेऱ्याला जेमतेम लेन्सपुरतं भोक. मग एका बाजूला काळ्या कागदाची बारीक पट्टी उभी करा, नाहीतर मणी सपाट दिसतात. त्या काळ्या रेघेमुळेच गोलाई कळते. तुमचं पोट तंबूच्या बाहेर.

सुरक्षेचं अगदी बरोबर. गुजरीतल्या एकाही दुकानाचा रुंद फोटो माझ्याकडे नाही, आणि तसंच राहील.

---

मिरजमळा

एक भोळा प्रश्न. आता रस्त्यांचे फोटो नकाशावर आपोआप येतात ना? २०२२ मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात सुरू झालं. मग गावच्या दुकानांची नोंद ठेवायला वेगळा माणूस कशाला?

---

दगडविटा

@मिरजमळा, ती गाडी रस्त्यानं जाते. बोळात जात नाही आणि उंबऱ्याच्या आत तर नाहीच. जायची ती कधी जाते? बऱ्याचदा शटर खाली असताना. शिवाय तिला काका काय म्हणाले ते ऐकू येत नाही.

पॅरिसमध्ये शंभर वर्षांपूर्वी अॅजे नावाचा माणूस हेच करायचा. जुनी दुकानं, दारं, जिने, फेरीवाले. पाटीवर काय लिहिलेलं, तर "कलाकारांसाठी कागदपत्रं". स्वतःला कलावंत म्हणवून घेत नव्हता. चित्रकार, सुतार, नेपथ्यकार त्याच्याकडून फोटो विकत घ्यायचे. १९२० मध्ये त्यानं अडीच हजारांहून जास्त निगेटिव्ह फ्रेंच सरकारला विकल्या.

आपल्याकडेही काही नवीन नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या काळात फोटो काढत होते. कमी आहेत ते दुकानाच्या आतले.

---

चपलेचा_कान

आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी चप्पल होते, म्हणून लिहितो.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि एकदम गदारोळ झाला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जेवढे कॅमेरे आले तेवढे २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाही आले नव्हते. प्रत्येकाला पाहिजे काय, तर सुरकुतलेला हात आणि खिडकीतून येणारी तिरीप. आमच्या चुलत्यांना एकानं टी-शर्ट काढून धोतर नेसायला सांगितलं. ते म्हणाले, "धोतर आणा, नेसतो."

मला पाहिजे होते ते फोटो कुणीच काढले नाहीत. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याचा रंग आतून कसा असतो. तळाचे थर कसे लागतात. कान (बाजूचा पट्टा) तळाच्या दोन थरांमध्ये कसा घालून शिवतात. वेणी कशी विणतात. हे सगळं क्रमानं काढलं असतं तर आमच्या पोरांना दाखवता आलं असतं, आणि "ही खरी, ही नकली" हे गिऱ्हाइकालाही दाखवता आलं असतं. सुरकुत्या सगळ्यांच्याच हातावर असतात हो.

---

चहाबाज

धोतर आणा, नेसतो!! चपलेचा_कान, तुमच्या चुलत्यांना दंडवत. मी म्हणत होतो ते हेच.

---

रंकाळ्याचा_वारा

@चपलेचा_कान, लाजवलंत. त्या आठवड्यात मीही आलो होतो (धोतरवाला मी नव्हे). मीही हातच काढले.

आता सांगा, एक जोड पहिल्या कापापासून शेवटच्या गोंड्यापर्यंत करायला किती दिवस? मी तेवढे दिवस येऊन बसतो. पैसे नकोत, एक जोड माझ्या मापाचा विकत घेईन. कलम_कसाई, दोन ओळींचा मसुदा लिहून द्या, या वेळी हक्क त्यांचेच ठेवायचे आहेत.

एक अडचण आधीच सांगतो. कमावलेल्या कातड्याचा तो बदामी रंग एलईडीखाली भगवा दिसतो. ढगाळ दिवशी, दारात, छताखाली काम केलेलं चालेल का?

---

चपलेचा_कान

जोडाला सलग बसलं तर चार दिवस, पण सलग कुणी बसत नाही, एका वेळी सात-आठ जोड चालतात. दारात बसतोच आम्ही. पावसाळा सोडून या, कातडं वाळत नाही. हात काढायचे तर काढा, पण आधी तळ.

---

परदेशी_पाखरू

दुबईहून वाचतेय. गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचे फोटो आहेत का कुणाकडे? रात्री म्हशी उभ्या, समोर काढून दिलेलं धारोष्ण दूध, पेल्यावर फेस. नवऱ्याला सांगून थकले, त्याला खरं वाटत नाही. तो नागपूरचा.

---

रंकाळ्याचा_वारा

@परदेशी_पाखरू, आहेत. पण फेसाचे नाहीत, म्हशींचे आहेत. तिथं फ्लॅश मारला तर म्हैस दचकते आणि मालक आपल्याला मारतो, दोन्ही रास्तच. रस्त्याच्या दिव्यात आयएसओ ६४०० वर काढलेत, थोडे दाणेदार आहेत. नागपूरकरांना पुरावा म्हणून चालतील. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

कांदेपोहे_प्लीज

अवांतर: अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो का नाही काढत तुम्ही? कोल्हापूरचा फोटोग्राफर आणि किरणोत्सव नाही?

---

रंकाळ्याचा_वारा

गाभाऱ्यात कॅमेरा नेता येत नाही, आणि नेऊही नये. पण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत संध्याकाळी मी महाद्वार रोडवर असतो, पाठ देवळाकडे करून. मावळतीचं ऊन ज्या वाटेनं देवीपर्यंत जातं त्याच वाटेवर दुकानं आहेत. खण-नारळवाले, बांगड्यावाले, पेढेवाले. एरवी ज्या काउंटरवर वर्षभर ऊन येत नाही तिथं ते काही मिनिटं आडवं येतं. हिरव्या बांगड्यांचा ढीग आतून पेटल्यासारखा दिसतो. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, दुकानदार मध्ये उभा राहतो, ऊन गेलं. पाच वर्षांत एकदा जमलंय.

---

दरपत्रक

सगळं ठीक, पण धंद्याचं बोला. अर्ध्या दिवसाचे किती घेता? आमच्याकडे नवीन पोरं फोनवर काढून पाचशेत देतात. दुकानदार म्हणतो, त्याचेही चांगले येतात. आणि खोटं नाही, येतात.

---

रंकाळ्याचा_वारा

साडेतीन हजार, पंधरा फोटो, दोन दिवसांत. उद्यमनगरातल्या कारखान्यांना जास्त, कारण तिथं दिवस जातो. टपरी, भाजीवाले, गिरणी यांना कमी. काही वेळा दळणावर भागतं, खरंच. चार महिने ज्वारी फुकट दळून मिळाली.

पाचशेवाल्या पोरांशी मी भांडत नाही. फोनचे फोटो उजेडात उत्तम येतात. दोन पोरांना मीच स्टूल वापरायला शिकवलं. एक आता माझ्यापेक्षा जास्त कमावतो. त्याला फक्त एवढंच सांगितलंय की आवरायच्या आधी दहा मिनिटं मागून घे. तो म्हणाला, "दादा, मी तर आवरूच देत नाही, वेळ कुणाला आहे!"

---

चहाबाज

धागाकर्ते, एक विचारायचं होतं. आमच्या दुकानाला मागच्या बाजूनं वाळवी लागलीय. दिवाळीनंतर लाकडी फडताळं काढून लोखंडी रॅक करणार आहे. फडताळं आजोबांनी केलेली, प्रत्येक खणावर खिळ्यांचं माप त्यांच्या हातानं रंगवलेलं. इंचात. ठेवणार नाहीये, वाळवी आहे, जाळणार आहे. पण काढायच्या आधी येता का एकदा? साताऱ्यापर्यंतचं पेट्रोल देईन. "हरवत चाललेले खिळे" असं काही लिहायचं नाही.

---

रंकाळ्याचा_वारा

येतो. लिहीत नाही. दसऱ्यानंतरचा कुठलाही बुधवार, सकाळी सातला पोचेन. त्या खणांचे फोटो सरळ समोरून घ्यायचेत, दगडविटांसाठी एक प्लास्टिकची खुर्चीही मध्ये ठेवू. बसनं येतोय, स्टूल आहे का तुमच्याकडे?

---

चहाबाज

हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारताय. शिडी आहे, सहा फुटांपासून वीस फुटांपर्यंत. आवरणार नाही, पण दाढी करून बसेन.